'राही' हे नाव मराठीचेच आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मुलींच्या वेगळ्या नावांची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत 'राही' या नावासमोर 'प्रवासी, वाटसरू' एवढाच अर्थ दिला होता आणि हे नाव हिंदीतून मराठीत आल्याचे म्हटले होते. नावांच्या पुस्तिकांत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांतही बहुधा हेच आढळते. तो अर्थ खोटा नाही. परंतु 'राही' या मुलीच्या नावाचे मूळ मराठीत त्याहून फार जुने आहे, आणि ते महाराष्ट्रातल्याच आईवडिलांना कोणी सांगत नाही याची मनापासून खंत वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गणपतीच्या दिवसांत घरोघरी 'युगे अठ्ठावीस' ही विठ्ठलाची आरती म्हटली जाते. तिच्या तिसऱ्या कडव्यात 'राही रखुमाबाई राणीया सकळा, ओवाळिती राजा विठोबा सावळा' असे शब्द येतात. काही प्रतींत आणि पुष्कळांच्या तोंडी 'राई रखुमाबाई' असा पाठ आहे. टाळ्यांच्या आणि झांजांच्या लयीत ही दोन नावे इतकी एकजीव होतात की ऐकणाऱ्याला ते एकाच देवीचे लांबलचक नाव वाटावे. मी शाळेत मराठी शिकवत असताना 'ही राही कोण?' असे मुलांना विचारत असे, तेव्हा 'रखुमाबाईचेच दुसरे नाव' हे उत्तर हमखास मिळे. आणि 'राई' म्हणणाऱ्या एखाद्या मुलाला फोडणीतली मोहरी आठवे. वस्तुतः येथे दोन स्वतंत्र राण्या आहेत. एक रखुमाई, म्हणजे रुक्मिणी. आणि दुसरी राही, म्हणजे राधिका.

पंढरपूरला जाणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेले असते, पण लक्षात ठेवलेले नसते. विठ्ठलाच्या गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला रुक्मिणीचे मंदिर आहे आणि त्याच आवारात सत्यभामेचे आणि राहीचे स्थान आहे. रांगेत तासन्‌तास उभे राहून आलेला वारकरी रखुमाईच्या पायावर डोके ठेवून बाहेर पडतो, तेव्हा पाठीमागच्या गर्दीच्या रेट्यात राहीसमोर क्षणभर हात जोडायलाही त्याला उसंत मिळत नाही. आणि तरीही पंढरीच्या कथेचा आरंभ तिच्यापासूनच होतो. द्वारकेत राधिका कृष्णाला भेटायला आली, त्याच्या मांडीवर बसली, आणि रुक्मिणी आली तरी उठून उभी राहिली नाही. त्या अपमानाने रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून आली, तिच्या शोधात देव मागोमाग आले आणि पुंडलिकाच्या विटेवर उभे राहिले, अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे. रुसलेल्या रखुमाईवर आपल्याकडे ओव्या आहेत, अभंग आहेत, गाणी आहेत. जिच्यामुळे ती रुसली त्या राहीला मात्र आपण जवळजवळ विसरलो.

मला यात एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. उत्तरेकडच्या काव्यपरंपरेत राधा ही प्रामुख्याने प्रेयसी आहे. ती कृष्णाची विवाहित पत्नी आहे की नाही यावर तिकडे संप्रदायासंप्रदायांत मोठे वाद झाले. आपल्या आरतीने हा प्रश्न उपस्थितच केला नाही. तिने राहीला रखुमाईच्या शेजारी उभे केले, दोघींनाही 'राणीया' म्हटले, आणि दोघींच्याही हाती ओवाळणीचे तबक दिले. एवढेच नव्हे, तर उच्चारात राहीचे नाव आधी घेतले. मुलीला राधेचे नाव ठेवू नये, त्या नावाच्या वाट्याला विरह येतो, असे मानणारी घरे आजही आहेत. त्या घरांतल्या आजीआजोबांना ही ओळ अर्थासह वाचून दाखवावी असे मला फार वाटते.

आता नावाच्या रूपाविषयी. संस्कृतातून प्राकृतात येताना शब्दाच्या मध्ये असलेला 'ध' अनेकदा 'ह' झाला, हे मराठी बोलणारा माणूस नकळत रोज अनुभवत असतो: दधीचे दही झाले, बधिराचा बहिरा झाला, गोधूमाचा गहू झाला. त्याच नियमाने राधिकेची 'राहिआ' झाली आणि पुढे 'राही'. त्यातला हकार आणखी विरला तेव्हा 'राई'. हे केवळ व्याकरणाच्या सूत्रावरून बसवलेले गणित नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त 'राहिआ' हे रूप प्रत्यक्ष आलेले आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन कुळातल्या हाल राजाने हा संग्रह सिद्ध केला असे मानले जाते, आणि त्यातल्या पहिल्या शतकात, म्हणजे पहिल्या शंभर गाथांत, एक गाथा आहे. कवी कृष्णाला म्हणतो की, तू तोंडाने फुंकर घालून राधिकेच्या चेहऱ्यावरची गाईंच्या खुरांची धूळ काढतोस आणि तेवढ्यानेच या इतर गवळणींचा तोरा उतरवतोस. मूळ गाथेत 'गोरअ' हा एकच शब्द गोरज आणि गौरव अशा दोन्ही अर्थांनी वापरला आहे, त्यामुळे एका फुंकरीत धूळही उडते आणि अभिमानही. भागवत पुराणात राधेचे नाव स्पष्टपणे येत नाही, जयदेवाचे 'गीतगोविंद' बाराव्या शतकातले आहे. राधेच्या अगदी जुन्या उल्लेखांत या गाथेची गणना होते, आणि तो उल्लेख गोदेकाठच्या भाषेत, 'राहिआ' या रूपात आहे. ज्या भाषेतून पुढे मराठी आली त्या भाषेतले हे नाव आहे. त्याला 'हिंदीतून आलेले' म्हणणे कोणाही मराठी माणसाला रुचू नये.

हाच प्रवास आणखी एका नावाने केला आहे. सखीची प्राकृतात 'सही' झाली आणि मराठीत 'सई'. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई यांच्यामुळे हे नाव इतिहासात राहिले, मध्यंतरी ते जुनाट वाटू लागले, आणि आज शहरांतल्या बालवाड्यांत सई हे नाव सहज ऐकू येते. कोणी त्याचा अर्थ परभाषेत शोधायला जात नाही. राहीच्या बाबतीत घोटाळा झाला तो हिंदी-उर्दूत तसाच दिसणारा दुसरा शब्द असल्यामुळे. फारसीतल्या 'राह', म्हणजे वाट, या शब्दावरून 'राही' म्हणजे वाटेने जाणारा. तो शब्द तिकडे पुरुषांनी टोपणनाव म्हणून घेतला, आणि दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद लिहिणारे राही मासूम रझा यांच्यामुळे तो आपल्या ओळखीचा झाला. शब्द सुंदर आहे, आणि त्या अर्थाने कोणी मुलीचे नाव ठेवले तर त्यातही काही वावगे नाही. परंतु ही दोन वेगळी नावे आहेत. उच्चार सारखा असला तरी त्यांचे आईबाप वेगळे आहेत.

नागर वर्गाने हे नाव टाकले तेव्हा ते गावांनी, वाड्यावस्त्यांनी आणि डोंगराळ भागांनी सांभाळले, हेही सांगितले पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वालाचे, भाताचे, भाजीपाल्याचे गावठी बियाणे जपले, घरात बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखू लागला. महादेव कोळी समाजातल्या या माउलीचे नाव 'वाटसरू' या अर्थाने ठेवले असेल असे मला वाटत नाही. ते राही-रखुमाईच्या जोडीतले जुने मराठी नाव आहे. दुसरीकडे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली दक्षिण कोरियातल्या चांगवोन येथे विश्वचषक नेमबाजीत पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. 'बाई' हा प्रत्यय गळाला की राहीबाईची राही होते, जशी मुक्ताबाईची मुक्ता झाली. एक नाव मागच्या पिढीतले आणि दुसरे आजचे वाटते, पण नाव एकच आहे.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा जमलेल्या बायका पहिला प्रश्न 'म्हणजे काय गं?' हाच विचारतात. त्या वेळी द्यायचे उत्तर आईवडिलांनी कुठून तरी वाचलेले असते, आणि ते मुलीला जन्मभर पुरते. म्हणून नावांच्या याद्या छापणाऱ्यांनी अर्थासोबत नाव कोणत्या भाषेतले, कोणत्या ग्रंथात किंवा कोणत्या गावच्या देवस्थानात आढळते, एवढी एक ओळ द्यावी, अशी माझी विनंती आहे. जागा जास्त लागेल आणि नावे कमी बसतील, हे मान्य. पण अर्थाचा पत्ता नसलेल्या शंभर नावांपेक्षा नीट तपासलेली वीस नावे वाचकाच्या अधिक उपयोगी पडतील.

राहिला प्रश्न लोकप्रियतेचा. 'हे नाव सध्या फार चालते' किंवा 'फारच दुर्मीळ आहे' अशी विधाने आपण ऐकीव माहितीवर करतो, कारण आपल्याकडे मोजदाद लोकांसमोर येत नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावे संख्येसह प्रसिद्ध करतो आणि खासगीपणा जपण्यासाठी पाचपेक्षा कमी वेळा आलेली नावे वगळतो. इंग्लंड आणि वेल्समध्येही सांख्यिकी कार्यालय दरवर्षी अशी यादी काढते. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली प्रत्येक जन्माची नोंद होते, बाळाचे नाव वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून घालता येते, आणि आता या नोंदी संगणकावर होतात. अशा नोंदींतून केवळ नाव, वर्ष आणि जिल्हा एवढेच वेगळे काढून दरवर्षी जाहीर करणे राज्याच्या नोंदणी यंत्रणेला अवघड जाऊ नये. तसे झाले तर राही हे नाव अकोल्यात किती, कोल्हापुरात किती आणि पुण्या-मुंबईत किती मुलींना ठेवले जाते हे कळेल, आणि भाषेच्या अभ्यासकांनाही एक भक्कम साधन मिळेल. आपल्या दैनिकाने ही मागणी आरोग्य विभागाकडे लावून धरावी, अशी विनंती करते.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर