अरुआला निघताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अरुआची नेमणूक पक्की झाली, फार बरं वाटलं. युगांडाच्या त्या भागात, काँगोच्या सीमेला लागून, प्लेग निघत आला आहे हे ऐकून तुझ्या मामाने कपाळाला हात लावला. मला 1994 चं बीड आठवलं. तिथल्या मामला गावात माणसं प्लेगच्या तापाने पडायच्या आधी उंदीर मेले होते, पिसवांनी लोक हैराण झाले होते. हे पहिल्यांदा पाहिलं ते गावानेच. आपली जुनी माणसंही उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालायची.

म्हणून तिथे गेल्या गेल्या भाषण देऊ नकोस. आधी विचार, मेलेला उंदीर कुणी पाहिला, कुठे, त्याचं काय केलं. अंग थंड पडलं की पिसवा उंदराला सोडून ऊब शोधत निघतात, आणि जमिनीवर चटई टाकून झोपलेलं पोर त्यांना सगळ्यात जवळ. त्यात धान्याची पोती त्याच झोपडीत. ती बाहेर ठेवा म्हणणं सोपं आहे, पण वर्षाची कमाई ज्याच्या पोत्यात आहे तो ती उशाशीच ठेवणार. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. राहायच्या घरापासून वेगळी, उंदीर न शिरणारी कणगी बांधायला मदत मिळते का, ते बघ.

उंदीर मारायची मोहीम निघालीच, तर आधी पिसवांवर फवारणी, मग उंदरांना विष. क्रम उलटा झाला तर उपाशी पिसवा माणसांवर येतात.

तिथल्या वैदूंना टाळू नकोस. जांघेत गाठ, ताप, की बरेच जण आधी त्यांच्याकडे जातात. त्या भागात वैदूंना खुणा शिकवून रुग्ण दवाखान्यात पाठवायला लावण्याचं काम झालं आहे, तेच पुढे ने. वेळेत जेंटामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस वाचतो. फुफ्फुसाच्या प्लेगात मात्र एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

मादागास्करमध्ये 2017 साली 2,400 वर रुग्ण आणि 200 हून जास्त मृत्यू झाले. तिथे पूर्वजांना थडग्यातून काढून नवं कापड गुंडाळतात, पण प्लेगने गेलेल्याला घराण्याच्या थडग्यात ठेवायला मनाई आहे. आपला माणूस पूर्वजांपासून तुटेल या भीतीने आजार लपवला जातो. अशा घरी नियम सांगण्याआधी थोडा वेळ बस.

तुला ताप आला तर लगेच तपासून घे. आणि पहिल्या वैदूशी काय बोलणं झालं, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आई