शाळेच्या ग्रंथालयाचे दार गावाकडे उघडावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीच्या सुमारास कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके तयार होऊ लागतात आणि अलीकडे त्यांत ‘ग्रंथालयाचे नूतनीकरण’ हे कलम बऱ्याचदा दिसते. या कलमाखाली सहसा काय होते, हे शाळेशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. भिंतींवर कार्टूनची चित्रे रंगवली जातात, चकचकीत फरशी येते, प्लायवूडची रंगीत मांडणी येते, एक काचेचे कपाट येते आणि उद्घाटनाचा फलक लागतो. दोन पावसाळे गेले की प्लायवूड फुगते, चित्रांचे पोपडे निघतात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात जाऊन बसते. मला मांडायचे आहे ते एवढेच, की या साऱ्या खर्चाचा क्रम उलटा आहे. ग्रंथालय कोणासाठी, किती वाजेपर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर उघडे राहणार हे आधी ठरले, तर खोली कशी असावी हे त्यातूनच ठरत जाते. आणि जी खोली गाव रोज वापरते, तिचीच डागडुजी वेळच्या वेळी होते.

कायद्याची आणि धोरणाची अडचण येथे मुळीच नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर याही पुढे जाऊन सांगते, की शालेय ग्रंथालये, विशेषतः खेड्यांतली, शाळेच्या वेळेनंतर गावाच्या उपयोगी पडू शकतात. एवढे सगळे कागदावर असताना आपल्या बहुतेक शाळांत संध्याकाळी पाचनंतर फाटकाला कुलूप असते.

आता खोलीविषयी. पर्यावरणाला धरून बांधकाम करायचे म्हणजे काहीतरी नवे आणि महागडे उभारायचे, असा एक समज पसरला आहे. कोकणात तरी नवीन इमारत बांधण्याची गरजच नाही. पटसंख्या घटल्यामुळे कित्येक शाळांत एखाद-दुसरी वर्गखोली रिकामी पडून आहे. तिच्यात तुटकी बाके, निवडणुकीचे सामान आणि जुनी दप्तरे साठवलेली असतात. जी खोली उभी आहे ती वापरणे, हाच सर्वांत कमी सिमेंट आणि कमी पैसा लागणारा मार्ग आहे. जुनी शाळागृहे निर्लेखित झाली, म्हणजे नोंदीतून कमी केली गेली, की त्यांच्या सागाच्या तुळया, वासे आणि दारे लिलावात कवडीमोलाने जातात, आणि त्याच वर्षी त्याच शाळेसाठी प्लायवूडची खरेदी होते. हे लाकूड गावच्या सुताराकडून कापून घेतले, तर मांडण्या निदान पन्नास पावसाळे तरी काढतील.

आपल्याकडे ग्रंथालयाचा खरा शत्रू उष्णता नसून ओल आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर या काळात कोकणात ती याहून कितीतरी वर असते. अशा हवेत बंद लोखंडी कपाट हे पुस्तकांचे रक्षण करत नाही, त्यांना कोंडून कुजवते. पुस्तके उघड्या फळ्यांवर, भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतर सोडून ठेवली, हाताळली, उलटीसुलटी झाली की बुरशीला आणि कसरीला फारसा वाव राहत नाही. रोजची देवघेव हेच पावसाळ्यातले सर्वांत स्वस्त औषध आहे. जांभ्याच्या भिंतींना बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा करण्याची हौसही आवरली पाहिजे. जांभा सच्छिद्र असतो, तो ओल घेतो आणि सोडतोही. सिमेंटच्या थराखाली ती ओल अडकते आणि आतल्या बाजूने रंग सुटू लागतो. नुसत्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरून घेतलेली किंवा चुन्याचा गिलावा केलेली भिंत दिसायला साधी असेल, पण ती कोरडी राहते. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे त्या बाजूची झड अडवायला खोल पडवी हवी, आणि वाचण्याच्या खिडक्या शक्यतो उत्तरेला हव्यात, म्हणजे दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि उन्हाने कागद पिवळा पडत नाही. पडवी केली तर तीच वडीलधाऱ्यांची वर्तमानपत्र वाचण्याची जागा होते, त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

छपराचा प्रश्न मात्र सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. मंगलोरी कौलांखाली खोली गार राहते आणि पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येते, पण वानरांच्या एका टोळीने अर्ध्या तासात कौलांची जी गत होते ती पाहिल्यावर पत्र्याची निवड करणाऱ्या शिक्षकांना दोष देता येत नाही. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसाळ्यात शिकवता येत नाही. कौलांवरून जाळी घालणे किंवा पत्र्याखाली लाकडी वा बांबूचा माळा करणे, हे दोन्ही उपाय गावांत लोक आपापल्या घरांसाठी करतातच. शाळेच्या अंदाजपत्रकात ते बसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

विजेचा हिशेब तर कोणीही मांडून पाहावा. वीस वॅटच्या चार एलईडी नळ्या संध्याकाळी तीन तास लावल्या, तर महिन्याला सुमारे सात युनिट लागतात. काही ठिकाणी ‘आदर्श ग्रंथालया’च्या नावाखाली वातानुकूलन यंत्र बसवण्याचे घाटते, दीड टनाचे यंत्र एवढी वीज दोन-तीन संध्याकाळींत खाते. पुस्तकांसाठी ते लावायचे म्हटले, तर चोवीस तास चालू ठेवावे लागेल, कारण दिवसा चालू आणि रात्री बंद असे केल्याने ओल वाढण्याचाच धोका. वीजबिल कोणत्या शीर्षकाखाली भरायचे, या विवंचनेत असलेल्या शाळेच्या गळ्यात हे यंत्र बांधणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

गावासाठी ग्रंथालय खुले करायचे म्हटले की पालकांच्या मनात पहिली शंका मुलांच्या सुरक्षिततेची येते आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे खोलीला दुसरे, थेट रस्त्याकडे उघडणारे दार. शाळेच्या वेळेत आतले दार उघडे आणि बाहेरचे बंद. शाळा सुटल्यावर नेमके उलट. त्यामुळे गावकऱ्यांना वर्गांच्या व्हरांड्यातून जावे लागत नाही आणि शाळेचे कार्यालय उघडे ठेवण्याचीही गरज उरत नाही. हे एक दार नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातले सर्वांत महत्त्वाचे कलम असायला हवे, पण ते मला क्वचितच दिसले आहे.

दुसरा धोका कमी बोलला जातो. गावात खोली उघडी झाली की पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले तेथे सर्वांत आधी येतात. त्यांची गरज खरी आहे. घरात एकांत नसतो आणि शहरातल्या अभ्यासिकेचे महिन्याचे शुल्क परवडत नाही. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्च्या अडवून बसलेल्या परीक्षार्थींमुळे ‘शांतता राखा’ची पाटी लागते, लहान मुलांना मोठ्याने वाचण्याची चोरी होते, बचत गटाच्या बायका दारातूनच परत जातात, आणि पाहता पाहता ग्रंथालयाची अभ्यासिका होऊन बसते. म्हणून तास वाटून द्यावेत: चार ते सहा मुलांचे, गोष्टी वाचून दाखवण्यासाठी, सहा ते आठ गावाचे, त्यानंतर परीक्षार्थींचे. हे वेळापत्रक शाळा व्यवस्थापन समितीने ठरवून फलकावर लिहावे.

या सगळ्याहून मोठा अडसर आहे तो हरवलेल्या पुस्तकाच्या भीतीचा. साठा नोंदवहीत चढलेले प्रत्येक पुस्तक मुख्याध्यापकांच्या नावावर असते. बदलीच्या वेळी कार्यभार देताना एक-एक पुस्तक मोजून द्यावे लागते आणि कमी भरले तर पदरचे पैसे घालावे लागतात. अशा स्थितीत कोणता शहाणा माणूस पुस्तके मुलांच्या हाती, त्यातही घरी नेण्यासाठी देईल? कपाटाला कुलूप लावणारा शिक्षक वाचनाचा वैरी नसतो, तो हिशेबाला घाबरलेला असतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम २१५ मात्र असे मानतो, की वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी आहे, अर्थात त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. चौकशी बंधनकारक आहे ती हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मीळ ग्रंथांपुरती. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी असला तरी तशीच स्पष्ट लेखी सवलत जिल्हा परिषदेने आपल्या प्राथमिक शाळांना द्यावी, आणि फाटेपर्यंत वाचले गेलेले पुस्तक निर्लेखित करण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा. या एका परिपत्रकाला एक रुपयाही लागत नाही आणि माझ्या मते रंगकामाच्या सगळ्या निधीपेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

राहिला प्रश्न चालवणार कोण. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नाही आणि आधीच ऑनलाइन माहिती भरण्याने वाकलेल्या शिक्षकांवर संध्याकाळचीही जबाबदारी टाकणे अन्यायाचे होईल. पण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली अनुदान मिळणारी ‘क’ आणि ‘ड’ वर्गाची वाचनालये अनेक गावांत आहेत, त्यांतली काही भाड्याच्या वा कोणाच्या तरी घरच्या अपुऱ्या खोलीत दिवस काढत आहेत. एकीकडे जागा आहे पण माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे पण जागा नाही. नोंदवह्या स्वतंत्र ठेवून दोघांना एका छपराखाली आणण्याचा करार ग्रामपंचायतीच्या मध्यस्थीने करता येईल. १८२८ पासूनचे नगर वाचनालय सांभाळणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्याला हे अवघड वाटू नये.

खर्चाच्या वाटणीसाठी आपल्याला परदेशी उदाहरणे शोधायला नकोत. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात जी ग्रंथालय व्यवस्था उभी केली, तिच्यात गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार घालत असे. म्हणजे तिसरा हिस्सा गावाचा, आणि म्हणून वाचनालयही गावाचे. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत. एका केंद्रशाळेखाली येणाऱ्या आसपासच्या आठ-दहा शाळांनी अशाच पेट्या दर दोन महिन्यांनी आपसांत फिरवल्या, तर प्रत्येक शाळेने तीच ती पुस्तके विकत घेण्याचे कारण उरत नाही.

४ मे २०१७ रोजी महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये पुस्तकांचे गाव सुरू झाले आणि पुढे सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्यासह आणखी काही गावांची त्यासाठी निवड झाली. त्या उपक्रमाविषयी मला आदर आहे. लोकांनी आपल्या घरांची दारे पुस्तकांसाठी उघडली, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि तेथे येणारा वाचक बराचसा पाहुणा असतो. शाळेच्या ग्रंथालयाला हवा आहे तो मंगळवारी संध्याकाळी शेतातून परतताना डोकावणारा वाचक.

माझी विनंती जिल्हा परिषदेला आणि जिल्हा नियोजन समितीला आहे. सर्व शाळांना थोडा थोडा निधी वाटण्याऐवजी येत्या वर्षी प्रत्येक तालुक्यात एकाच केंद्रशाळेची रिकामी खोली निवडावी, तिला रस्त्याकडचे दार आणि पडवी करून द्यावी, आणि पुस्तकांची यादी वरून न पाठवता मुलांकडून व गावाकडून मागवावी. पुस्तकांच्या गळतीविषयीचे परिपत्रक त्याआधी निघावे. छपराचे काम मिरगाच्या आत उरकायचे असेल, तर अंदाजपत्रके फेब्रुवारीतच मंजूर व्हायला हवीत. मे महिन्यात निघालेल्या कार्यारंभ आदेशांचे काय होते, हे ठेकेदारांइतकेच अधिकाऱ्यांनाही माहीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी