लॉरेटा लिन : वय चुकलं, लेखणी राहून गेली

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कंट्री संगीतावरचा लेख वाचला. लॉरेटा लिनच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्यात आणि त्यातली एक चुकीची आहे. ‘तेराव्या वर्षी लग्न झालेली ही गायिका’ असं छापलंय. तिचा जन्म १४ एप्रिल १९३२चा, लग्न जानेवारी १९४८मधलं. म्हणजे ती पंधरा वर्षांची होती. तेरा हा आकडा तिच्याच आत्मचरित्रामुळे आणि त्यावर निघालेल्या १९८०च्या चित्रपटामुळे रूढ झाला. २०१२ साली जन्माची आणि लग्नाची कागदपत्रं समोर आली, तेव्हा खरं काय ते कळलं. पंधरा हेही पोरवयच, पण छापायचं तर नीट छापावं.

मला जास्त लागलं ते ‘गायिका’ एवढ्यावरच भागवलं त्याचं. ती गाणी लिहायची. तिची सगळी पुण्याई त्यात आहे आणि त्याचा लेखात एक शब्द नाही.

मी घुग्घुसची. माझे बाबा खदानीत, जमिनीखाली कामाला होते. शिफ्टवरून आले की न्हाणीघरात घासघासून आंघोळ करायचे, तरी पापण्यांच्या कडेला काजळ घातल्यासारखी काळी रेघ राहायचीच. शाळेत एकदा ‘माझे बाबा’ असा निबंध लिहायला दिला होता. मी लिहिलं, ‘माझे बाबा नोकरी करतात.’ कुठे करतात ते लिहायची लाज वाटली. पुढे तीस वर्षं मी स्वतः मुलांना निबंध शिकवले, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी लॉरेटा लिन गेली, नव्वदाव्या वर्षी, टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी. दुसऱ्या दिवशी मुलीनं मोबाइलवर तिचं ‘कोल मायनर्स डॉटर’ (कोळसा खाणकामगाराची लेक) हे गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आई, ही पण खदानवाल्याची पोरगी.’ तोवर मला हे नाव ठाऊक नव्हतं. मग जे मिळेल ते वाचत, ऐकत गेले.

केंटकीच्या डोंगरातलं बुचर हॉलो हे तिचं गाव. आठ भावंडांत ती दुसरी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेली. विशीतच चार लेकरं पदरात. नवऱ्यानं सतरा डॉलरची एक गिटार आणून दिली, तिच्यावर तिची तीच शिकली. १९६०मध्ये पहिली तबकडी निघाली, तेव्हा दोघं नवरा-बायको गाडीत घालून ती एकेका रेडिओ केंद्रावर स्वतः पोचवत फिरले. वडील मात्र १९५९ सालीच गेले होते. लेकीचं नाव झालेलं त्यांनी पाहिलं नाही, आणि ज्या गाण्यात ते आहेत ते गाणं तर १९७०मध्ये आलं. मुळात ते आणखी लांब होतं. निर्मात्यानं काही कडवी गाळायला लावली. त्या कडव्यांत काय असेल, याचा मला अजून ध्यास आहे.

तिनं लिहिलं ते घरातलं. दारू पिऊन रात्री घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातच सुनावणारं गाणं तिनं बहिणीबरोबर लिहिलं. १९६७मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचं ते पहिलं गाणं. पगाराच्या दिवशी आमच्या कॉलनीत कोणत्या क्वार्टरमधून कसला आवाज यायचा ते मी ऐकलंय, त्यामुळे त्या गाण्यासाठी मला भाषांतर लागलं नाही. १९७५मध्ये गर्भनिरोधक गोळीवरचं तिचं गाणं आलं तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावायचंच नाकारलं, तरी बायकांनी ते ऐकलंच. ते गाणं मात्र दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं, तिनं आवाज दिला. जे तिचं नाही ते तिच्या नावावर मी घालणार नाही. १९७२मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेचा वर्षातला सर्वोच्च कलावंताचा मान एका बाईला पहिल्यांदा मिळाला, तो तिला. बहात्तराव्या वर्षी तिनं ‘व्हॅन लिअर रोझ’ हा अल्बम केला. व्हॅन लिअर म्हणजे तिचे वडील जिथे राबले ती खदान.

माझी विनंती एवढीच, की दुरुस्ती छापावी, आणि तिच्या नावामागे ‘गीतकार’ लिहावं.

आई आता ब्याऐंशीची आहे. तिला मी ‘कोल मायनर्स डॉटर’ ऐकवलं आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. कपडे धुताधुता त्या माउलीच्या बोटांतून रक्त यायचं, असं सांगितल्यावर आईनं नुसती मान हलवली. बाप रात्रभर खदानीत आणि दिवसभर मक्याच्या शेतात राबायचा, असं सांगितलं, तेव्हा तिनं मला थांबवलं.

“मग झोपायचा केव्हा तो?”

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, घुग्घुस (जि. चंद्रपूर)