उन्हाळ्याचा अर्धाच आकडा छापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची अकोल्याची, लग्न होऊन डोंबिवलीत आले त्याला आता १९ वर्षं झाली. एप्रिल-मे आला की तुमच्या पेपरात पहिल्या पानावर येतं अकोला ४४, चंद्रपूर ४५, ब्रह्मपुरी ४५, आणि सोबत तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलींचा फोटो. माहेरच्या गावाचं नाव दिसलं की आईची काळजी वाटते, पहिला फोन तिलाच जातो. पण त्याच पानावर मुंबई-ठाण्याचं ३५-३६ वाचून इकडचे लोक म्हणतात, आपण सुखात आहोत बाबा. हेच मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या बाबांचं कूलरचं दुकान होतं. मार्च लागला की दारात वाळ्याच्या ताट्यांचा ढीग आणि सगळीकडे तो ओला वास. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, कूलर थंडी तयार करत नाही, तो पाणी उडवतो आणि उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. लहानपणी हे नुसतं ऐकलं, बीएस्सीला गेल्यावर आकडा कळला. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, आणि तेच एक ग्रॅम अंगावरून वाफ होऊन उडायला जवळपास ५८०. म्हणजे एक लिटर पाणी उडालं की साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता गेली, दिवसाला ५० लिटर पिणारा कूलर ३४ युनिटइतकी उष्णता शोषतो आणि त्याचा पंखा-मोटर त्यातलं किती थोडं खातात बघा. माठ, रांजण, संध्याकाळी गच्चीवर मारलेलं पाणी, सगळं याच हिशोबावर चालतं, आणि आपला घाम पण.

मी इकडे आले तेव्हा बाबांनी हौसेनं एक कूलर ट्रान्सपोर्टनं पाठवला आणि तो इकडे चाललाच नाही. फिरायचा छान, पण खोलीत नुसता दमट वाफारा, भिंतींना ओल, चादरी चिकट. तो बिघडला नव्हता हो, हवेतच आधी इतकं पाणी होतं की ताटीवरचं पाणी उडणार कुठे. आता जे कूलरचं तेच माणसाचं. घाम येतो, ओघळतो, टपकतो पण उडत नाही, आणि न उडालेला घाम शरीरातली उष्णता नेत नाही, मीठ-पाणी मात्र वाया जातं.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक थर्मामीटर असायचा, टोकाला ओलं फडकं गुंडाळलेला. घाम आपल्याला जास्तीत जास्त किती खाली नेऊ शकतो ते तो दाखवतो. हवा ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर तो साधारण २३ दाखवेल, आणि हवा ३६ डिग्री आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर २९ च्या वर. तुमच्या पेपरात पहिलं गाव भट्टी आणि दुसरं सुखात! माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन वेगळे धोके आहेत आणि तुम्ही एकच मोजता.

विदर्भातलं ऊन सोपं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, शेतावर जाणाऱ्या माणसांना मी लहानपणापासून बघत आलेय. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं, हवा त्याच्या वर गेली की उष्णता उलटी हवेतून अंगात यायला लागते, वारा सुटला तर अजूनच जोरात. म्हणून तिकडे कान-डोकं बांधून, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालून बाहेर पडतात. इकडे तसं बांधून फिरलं तर जीव घुसमटेल. तरी सूचना सगळ्या महाराष्ट्राला एकच छापली जाते.

इकडची दुपार ठरते खाऱ्या वाऱ्यावर. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश, मग तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्राकडून गार हवा आत शिरते. हा वारा वेळेवर आला तर पारा अडतो, पूर्वेचे वारे जोरात असले की तो उशिरा येतो आणि मुंबईत पण आकडा एकदम चढतो. कल्याण, बदलापूरपर्यंत पोचेस्तोवर त्यात तसाही दम राहिलेला नसतो.

आणि या दमटपणाला नुसता चिकचिकाट समजू नका. समुद्रावरून उडताना जी उष्णता त्या वाफेनं घेतली ती तिच्यात दडलेली असते, वर जाऊन परत पाणी होताना ती सगळी बाहेर पडते आणि हवेला अजून वर ढकलते, म्हणूनच ढग एवढे उंच वाढतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी, म्हणजे साधारण ६४० युनिट वीज होईल इतकी उष्णता तेवढ्याशा जागेवरच्या ढगांत मोकळी झाली. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा तपासून बघितला. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे उकाडाही जास्त आणि पाऊस पडला तर तोही जास्त.

आता रात्रीचं बोलते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. कोरड्या हवेत आभाळ मोकळं असलं की जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते, दमट हवेत वाफ तिला गोधडीसारखी अडवते. त्यात सिमेंटचे रस्ते आणि स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर सोडत बसतात. मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका रात्री दीड वाजता पत्र्याच्या केबिनमध्ये कोसळले. डॉक्टर म्हणाले उष्णतेनं झालंय, तर लोकांचा विश्वासच बसेना, रात्री कुठली उष्णता, आणि दिवसा तर ३५ च होतं! हवामान खात्याच्या निकषात ‘उष्ण रात्र’ धरायची तर आधी दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा वर असावं लागतं. किनाऱ्यावर ते क्वचितच होतं, म्हणजे आमच्या रात्री कितीही वाईट गेल्या तरी त्या कुठेच मोजल्या जात नाहीत. हा निकष किनाऱ्यासाठी बदलायला हवा, यावर तुम्ही अग्रलेख लिहावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

पण तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. आर्द्रता तुम्ही छापता, पण आतल्या पानावर, बारीक अक्षरात, आणि तीही सकाळची. सकाळी हवा गार असते म्हणून ती टक्केवारी तशीही जास्तच येते, कामाची असते ती दुपारची. कमाल आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, दुपारची आर्द्रता आणि रात्रीचं किमान तापमान छापा, ओल्या फडक्याचं तापमान काढून दिलंत तर फारच उत्तम.

काका बरे आहेत, परत ड्युटीवर आहेत. केबिनच्या पत्र्यावर आम्ही चुना मारला आणि मागच्या बाजूला खिडकी पाडली. रात्री ते तुमचाच पेपर वाचत बसतात, पहिल्या पानापासून.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)