उन्हाळ्यातले चार क्रेडिट शिकवणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता कोणाचेच शिक्षण वाया जाणार नाही, अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अकरा वर्षे तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. (यंदा भारतीय ज्ञानप्रणालीही माझ्याच गळ्यात आहे, कारण दुसरे कोणी नाही.)

संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून आले. पहिल्या वर्षानंतर थांबायचे तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मिळवलेली क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) ‘शैक्षणिक क्रेडिट बँके’त जमा राहतात, पुढे परत येता येते. कल्पना चांगलीच आहे. नाशिकला तर ती नवखीही नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून शेती-नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच चालले आहे.

पण प्रमाणपत्राला एक अट आहे. वर्षभराच्या क्रेडिटखेरीज उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पुरी करावी लागते. चार क्रेडिट म्हणजे वर्गातले ६० तास, प्रात्यक्षिक असेल तर १२०. आणि उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात असतात कोण? एक क्लार्क आणि शिपाई. विभागातले एकमेव कायम प्राध्यापक निवृत्त झाले, ती जागा भरलेली नाही. माझी नेमणुकीची ऑर्डर येते ऑगस्ट-सप्टेंबरात आणि संपते परीक्षांच्या तोंडावर. मे महिन्यात मी त्या कॉलेजचा कोणीच नसतो.

एप्रिलमध्ये सुरगाण्याकडची एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचे आईवडील ऑक्टोबर छाटणीपासून दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला असतात. धाकट्या भावंडांना सांभाळत तिने कशीबशी दोन सत्रे काढली होती. म्हणाली, “सर, आता थांबले तर कागद मिळंल ना? तो दाखवून अंबडला कंपनीत लावून घेतील का?” मी म्हटले, अजून एक कोर्स करावा लागेल, मेमध्ये. “तुम्ही घेणार का?” या प्रश्नावर मी काय सांगणार? ऑफिसात चौकशी कर म्हणालो. ऑफिसने पुणे विद्यापीठाकडे बोट दाखवले. जूनपासून ती आलेली नाही. हाती कागद नाही, म्हणजे धोरणाच्या भाषेत तिची ‘एक्झिट’सुद्धा झाली नाही, ती जुन्याच भाषेतली गळती.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले होते. २०२० च्या धोरणातही, गाठता न आलेला तोच आकडा पुन्हा लिहिला आहे. तेव्हा रिकाम्या जागा उद्या भरतील अशा भ्रमात मी नाही. नेट-सेट होऊन पिढी म्हातारी व्हायला आली, तरी आम्ही दरवर्षी नव्याने मुलाखत देतोच आहोत.

मागणी छोटी आहे. तासिका तत्त्वावरच्या ऑर्डरी जूनमध्ये निघाव्यात आणि मेअखेरपर्यंत चालाव्यात. ते जमत नसेल तर उन्हाळ्यातले हे ६० तास कोणी घ्यायचे आणि त्याचे मानधन कोणत्या खात्यातून निघेल, एवढे तरी उच्च शिक्षण विभागाने मार्चच्या आत परिपत्रकाने कळवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंटर्नशिप मिळवून देण्याचे कामही पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्राने अंगावर घ्यावे. सुरगाण्याच्या मुलीने कोणत्या गेटवर जाऊन कोणाला विचारायचे?

– तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक, नाशिक
(ऑर्डर दरवर्षी नवी काढावी लागते, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)