शिक्षणमंत्री साहेब, ट्रेनिंग दिलंत, आता मुलांसमोरचा माणूसही टिकू द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे अटॅचमेंट अवेअरनेसचं, म्हणजे मुलांचं जवळच्या मोठ्या माणसांशी असलेलं नातं आणि त्याचा त्यांच्या वागण्यावर होणारा परिणाम ओळखण्याचं, ट्रेनिंग झालं आणि त्याने शाळा खरंच बदलली. पण आता गाडी जिथे अडलीये ती गोष्ट शिक्षकांच्या हातातली नाही, तुमच्या सहीची आहे, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय.

ट्रेनिंगमधली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी साधारण वर्षाच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं, आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची, बस एवढंच. आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं यावरून जास्त कळायचं. कोणी धावत जाऊन बिलगायचं आणि शांत होऊन परत खेळायला लागायचं, कोणी तिच्याकडे बघायचंच नाही, आणि कोणी चिकटायचं पण रागही जायचा नाही.

आता हे वर्गात बघा. एक मूल सारखं टेबलापाशी येतं, बाई हे बरोबर आहे का, बाई बघा ना. दुसरं गणित अजिबात येत नसलं तरी मदत मागणार नाही, जवळ गेलात तर वही झाकून घेईल. तिसरं सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हमखास कोणाला तरी मारतं. आधी आम्ही पहिल्याला चिकट म्हणायचो, दुसऱ्याला आगाऊ आणि तिसऱ्याला वाया गेलेलं. आता स्टाफरूममध्ये प्रश्न वेगळा असतो, की याला भीती कशाची वाटतेय. वही झाकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर उभं न राहता शेजारी बसून आपलं काहीतरी लिहीत राहायचं, मग तो हळूच वही सरकवतो. फळ्यावर मस्ती करणाऱ्यांची नावं लिहिणं बंद झालं. एखाद्याचा तोल गेला तर त्याला बाहेर उभं करत नाही, कोणीतरी मोठं माणूस त्याच्यासोबत बसतं, आणि शांत झाल्यावर जे मोडलं ते आवरायला तोच मदत करतो. नियम आहेत तसेच आहेत, लाड अजिबात नाहीत, हे मुद्दाम सांगते कारण तसा आरोप होतो. आणि आम्ही कोणावर लेबलही लावत नाही, निदान करणं आमचं काम नाही.

शिपाई मामा आणि स्वयंपाकाच्या ताईंनाही ट्रेनिंगला बसवलं हे फार बरं झालं. काही मुलं मनातलं आधी त्यांच्याशीच बोलतात.

पण साहेब, या सगळ्याला एकच गोष्ट लागते, तेच माणूस रोज समोर असणं. आणि नेमकं तेच होत नाही. वर्षाच्या मध्यात बदली, मग महिनाभर बदली शिक्षक, मग दुसऱ्या कुठल्या कामाला ड्युटी, आणि मुलांना कोणी सांगतही नाही की बाई कुठे गेल्या. ज्या मुलाच्या आयुष्यात माणसं अशीच न सांगता गेलीयेत त्याचा महत्प्रयासाने बसलेला विश्वास एका ऑर्डरने उडतो आणि पुढच्या शिक्षकाला शून्यापासून नाही, शून्याच्याही खालून सुरुवात करावी लागते.

अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणाऱ्या जॉन बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी ब्रिटनमध्ये हॉस्पिटलात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली, ती १९५२ साली आली. ती मुलगी बहुतेक वेळ शांत होती, आणि अशा शांत मुलांना तेव्हा 'रुळली' म्हणायचे, आतलं दुःख कोणाला दिसायचं नाही. नर्सेस वाईट नव्हत्या हो, भेटीच्या वेळांचे नियमच असे होते की आईवडील लांब राहायचे. १९५९ मध्ये हॉस्पिटलातल्या मुलांच्या प्रश्नावर नेमलेल्या तिथल्या प्लॅट समितीने शिफारस केली की आईवडिलांना केव्हाही भेटू द्या, त्यानंतरही नियम बदलायला वर्षं गेली, पण बदलले. नर्सना नुसतं समजावून ते झालं नसतं. आमचंही तसंच आहे, आम्ही शिकलो पण वरचे नियम जुनेच आहेत.

म्हणून मागणी एवढीच. पहिली ते चौथीच्या वर्गशिक्षकांची बदली वर्षाच्या मध्यात करू नका. फारच अटळ असेल तर निदान दोन आठवडे जुने आणि नवे शिक्षक एकत्र वर्गात राहतील अशी सोय ऑर्डरमध्येच लिहा, म्हणजे मुलांना निरोप घेता येईल आणि कोणतं मूल कशाने बिथरतं हे नव्या शिक्षकांना तोंडी सांगता येईल, फायलीत ते मावत नाही. आणि ट्रेनिंग एका दिवसाचं करून सोडू नका, महिन्यातून एकदा तासभर तरी आम्हाला एकत्र बसून अवघड मुलांबद्दल बोलायला वेळ द्या, तोही कामाच्या वेळेतच. बदल्यांची पुढची यादी निघण्याआधी यावर निर्णय व्हावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका