साचा किती तुकड्यांचा?

रॉयल ओक, मिशिगन
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, नोकरी चांगली आहे, दारात गाडी उभी आहे, मग गॅरेजमध्ये दुसरी गाडी स्वतःच्या हाताने बनवण्याचे कारण काय. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. तो प्रश्न आठवडाभर मनात राहिला आहे, म्हणून आज बसून सविस्तर लिहिते आहे. आईने विचारलेल्या गॅरेजमधल्या रसायनांच्या वासाबद्दलही लिहिते.

मी बनवते आहे त्या प्रकारच्या गाडीला इकडे हॉट रॉड म्हणतात. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या आसपास बनली. इतक्या संख्येने बनलेली गाडी जुनी झाल्यावर अगदी स्वस्तात मिळू लागली, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मुले तिचे मडगार्ड, बॉनेट आणि टप काढून वजन घटवत, इंजिनात आपल्या हाताने सुधारणा करत, आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर जाऊन वेग मोजत. त्यांच्या क्लबांनी १९३७ साली आपली संघटनाही स्थापन केली. माझ्या घराजवळून वुडवर्ड अॅव्हेन्यू हा मोठा रस्ता जातो, आणि त्याच रस्त्याने दक्षिणेला गेले की हायलंड पार्कचा तो जुना कारखाना लागतो, जिथे १९१३ साली मॉडेल टीसाठी सरकती जुळणी सुरू झाली. मी रोज ज्या रस्त्याने कामावर जाते, त्याच रस्त्यावर बनलेली ही गाडी आहे.

त्या गाडीची मूळ पत्र्याची बॉडी आता दुर्मिळ झाली आहे, कारण इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खाऊन टाकते. पत्र्याची नवी बॉडी घडवायची तर प्रेस आणि डाय हवेत, किंवा पत्रा ठोकून वळवणाऱ्या कारागिराचे अनेक वर्षांचे हात हवेत. फायबरग्लासला, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिन या चिकट द्रवात भिजवून घट्ट केलेल्या थरांना, यांपैकी काही लागत नाही. त्याला लागतो चांगला साचा, आणि साच्यासाठी लागतो चांगला पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना. इथून तासाभराच्या अंतरावर फ्लिंट येथे १९५३ साली शेव्हरोलेच्या पहिल्या ३०० कॉर्व्हेट स्पोर्ट्स गाड्या तयार झाल्या, त्यांची बॉडी फायबरग्लासचीच होती. हे वाचले तेव्हा मला प्रथम उद्यमनगरातला, ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवणारा बाबांचा पॅटर्न शॉप आठवला. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी डबा घेऊन तिथे येत असे आणि सागवानाच्या भुशात बसून बाबांचा रंधा पाहत असे. बाबा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे. मी ही गाडी बनवायला घेतली, कारण तिचे अर्धे काम मला लहानपणापासून ओळखीचे वाटत होते.

पण ओळखीचे वाटणे आणि हातात असणे यांत फार अंतर असते, हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळले. प्लायवुडचे आडवे-उभे छेद कापून मी गाडीच्या आकाराचा सांगाडा उभा केला, त्यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फोम भरला (थर्माकोल चालत नाही, कारण पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन हे द्रावक त्याला विरघळवून टाकते) आणि वरून लांबी (पुटी) भरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ६०० पर्यंत घासत गेले. तो पॅटर्न खरोखर सुंदर झाला होता. त्याच्यावर मेणाचे सहा हात दिले, वरून पातळ पडदा धरणारे द्रव फवारले आणि साचा चढवला. साचा उतरवताना काही अडचण आली नाही, कारण पॅटर्न मोडला तरी चालणार होता आणि तो मोडलाच. नंतर त्या अखंड साच्यात पहिली बॉडी तयार केली, आणि ती निघेना. लाकडी पाचरी मारल्या, कडेने पाणी सोडले, दाबाची हवा दिली, तरी निघेना. टी-बकेटची, म्हणजे मॉडेल टीच्या धर्तीवरच्या या छोट्या उघड्या बॉडीची, मागची बाजू खाली आत वळलेली असते आणि बसायच्या जागेभोवतीची कड बाहेर वळलेली असते. म्हणजे वरही अडकले आणि खालीही अडकले. शेवटी बॉडीला तीन ठिकाणी तडे गेले आणि चार महिन्यांचे काम मला करवतीने कापून काढावे लागले.

त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता. मी सगळी हकीकत सांगितली, आणि फायबरग्लासचा एकही तुकडा कधी हाताळलेला नसताना तुम्ही एकच विचारलेत, "साचा किती तुकड्यांचा?" बाबा, त्या एका वाक्यावर पुढची सगळी गाडी उभी आहे. वाळूतून पॅटर्न सहज उचलला जावा म्हणून तुम्ही प्रत्येक उभ्या बाजूला टेपर, म्हणजे किंचित उतार, देत होतात, जिथे टेपर देता येत नसे तिथे तो भाग सुटा करत होतात, आणि मी हे शंभर वेळा पाहिलेले असूनही माझ्या कामात विसरले होते. दुसरा साचा मी तीन तुकड्यांचा केला: दोन बाजू आणि एक पाठ, कडांना चार-चार इंचांच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या बोल्टने आवळलेल्या. बोल्ट काढल्यावर पाठीचा तुकडा हाताच्या दाबाने सुटला, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होतात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, म्हणून तुमची मोजपट्टी फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठी असे. पॉलिएस्टर रेझिनही घट्ट होताना आकसते. म्हणून मी काचेच्या धाग्यांची मॅट एका दिवशी सगळी न चढवता एकेक थर देत गेले, आणि बॉडी साच्यातच आठवडाभर राहू दिली. घाईने बाहेर काढलेली बॉडी नंतर वाकते, आणि मॅटच्या धाग्यांची नक्षी रंगातून वर दिसू लागते. आता बॉडी तीन थरांची, साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीची आहे, आणि आतून प्लायवुडच्या पट्ट्या फायबरमध्येच बसवल्या आहेत.

आई, आता वासाबद्दल. तुझी काळजी बरोबर आहे, कारण स्टायरीनची वाफ खरोखरच अपायकारक असते आणि ती पेटही घेते. मी हे काम फक्त मे ते सप्टेंबरमध्ये, गॅरेजचे मोठे दार सताड उघडे ठेवून करते, आणि तोंडाला रासायनिक वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मुखवटा असतो. रुमाल किंवा साधा मास्क मी कधीच वापरत नाही. एक किलो रेझिनला पंधरा ग्रॅम हार्डनर मी काट्यावर मोजून घालते, कारण जास्त पडला तर डबा हातात धरवत नाही इतका तापतो. थंडीत रेझिन नीट घट्ट होत नाही आणि त्या वाफेत हीटर लावणे धोक्याचे, म्हणून हिवाळ्यात ते काम पूर्ण बंद असते. सध्या फक्त वायरिंग चालू आहे. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी तार ओढावी लागते, आणि ते काम संथ पण वासाशिवायचे आहे.

चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, दोन बाय तीन इंचांच्या चौकोनी पोलादी नळीची आहे. तिचे वेल्डिंग मी प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरकडून करून घेतले, कारण तिथे माझ्या हाताची परीक्षा पाहण्यात अर्थ नव्हता. सीट बेल्ट फायबरला अडकवलेले नाहीत, थेट चासीला आहेत. गाडी पूर्ण झाली की पोलीस अधिकारी येऊन तपासणी करील आणि मगच ती नोंदली जाईल.

या प्रकारच्या गाडीला बहुतेक वेळा उघडणारा दरवाजा नसतो. कड ओलांडून आत बसावे लागते, आणि सगळ्यांनी मला दरवाजा कापू नको असेच सांगितले, कारण तो कापला की बॉडी दुबळी होते. तरीही मी उजव्या बाजूला दरवाजा कापला आहे. इकडे चालक डावीकडे बसतो, म्हणजे उजवी जागा आईची, आणि आईच्या गुडघ्यांना कड ओलांडता येणार नाही. कापलेल्या जागेभोवती पोलादी नळीची चौकट घालून ती चासीला जोडली, बिजागऱ्याही त्या चौकटीलाच बसवल्या, आणि आता दरवाजा उघडल्यावर बॉडी पूर्वीपेक्षा कमी हलते.

तुम्ही दोघे मे महिन्यात याल आणि सप्टेंबरपर्यंत राहाल, असे मी धरून चालले आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर हजारो जुन्या गाड्या निघतात. १९९५ पासूनची ही रीत आहे. तोपर्यंत रंग झाला नाही तरी चालेल, पण गाडी चालती असेल.

बाबा, एक काम तुमच्यासाठी ठेवले आहे. डॅशबोर्डची जागा मी रिकामी सोडली आहे. माळ्यावर सागवानाची ती जुनी फळी अजून असेल, तर सोबत पाठवलेल्या कागदावरच्या आकाराप्रमाणे तिचा डॅशबोर्ड करून, पॉलिश पूर्ण करून घेऊन या. जाडी सहा सूत पुरेल. मीटर बसवायची मोठी दोन भोके तीन इंच तीन सुतांची आहेत आणि लहान तीन भोके दोन इंचांपेक्षा अर्धा सूत मोठी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक रेघ नीट दिसत नसेल, तर भोके मी इथे पाडीन. तुम्ही फक्त कड गोल करून द्या, ती मला तुमच्यासारखी जमत नाही. आणि कागदावर मी आकसण्याची सूट धरलेली नाही, लाकूड इकडच्या कोरड्या हिवाळ्यात किती आकसेल ते तुम्ही ठरवा आणि मला फोनवर कळवा, म्हणजे मी दोन्ही बाजूंना तेवढी फट ठेवीन.

तुमची लेक